जॉन वेस्ली ह्यांचा घरखर्च

मिळकत थोडी म्हणून घर कर्जात बुडते, असे आपणांस सहसा वाटते. आणि मिळकत वाढली की सर्व ठीक होईल, ह्या आशेवर आपण दिवस काढतो. परंतु मिळकतीच्या मागोमाग खर्चही वाढत गेला, तर थोडे मिळविणारा आणि पुष्कळ मिळविणारा हे दोघेही वर्षअखेरीस सावकाराच्याच दारी भेटतात. ह्या बाबतीत मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांचे चरित्र फार बोधप्रद आहे. त्यांच्या उपदेशाविषयी व प्रवासांविषयी आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. येथे आम्ही विशेषेकरून त्यांच्या खर्चाच्या रीतीचीच हकीकत सांगणार आहो.

वेस्लीसाहेबांचा जन्म १७०३ साली इंग्लंडातील एपवर्थ ह्या गावी झाला. त्यांचे वडील सॅम्युएल हे तेथील पाळक होते. ते विद्वान व भक्तिमान खरे, परंतु हिशेबाच्या कामी कच्चे होते. मातुश्री सुझानाबाई ह्यांना १९ अपत्ये झाली. त्यांपैकी पुष्कळ बालपणीच वारली. १७०५ साली ३० पौंडांहूनही कमी कर्जापायी पाळकसाहेबांना धरून लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकण्यात आले. बाईंजवळ रोकड नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या अंगठ्या काढून पतीकडे पाठविल्या, आणि पतीने त्या तशाच परत केल्या. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपांनी बाईंना विचारले की, तुम्हांस कधी भाकरीची ददात पडली काय? तेव्हा त्यांनी कळविले की, भाकरी अगदीच मिळाली नाही असे कधी झाले नाही. परंतु खाण्यापूर्वी ती मिळविण्याची व खाल्ल्यावर तिचे पैसे फेडण्याची काळजी एवढी असे की, पुष्कळदा तिची गोडीच जाई. ज्या घरात धान्य उधारीने येते, तेथे ह्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. अशा घरात जॉन लहानाचे मोठे झाले.

१७२६ साली ऑक्सफर्ड येथील लिंकन कॉलेजात त्यांची फेलो म्हणून नेमणूक झाली व त्यांच्या हाती नियमित पैसा येऊ लागला. तेथे ते व त्यांचे मित्र मिळून प्रार्थना करीत, तुरुंगातील कैद्यांना भेटत व गरिबांच्या मुलांना शिकवीत. एके दिवशी कडाक्याच्या थंडीत त्यांच्या शाळेतील एक गरीब मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर एक पातळ झगा मात्र होता, आणि त्यावाचून तिच्यापाशी दुसरे वस्त्र नव्हते. वेस्लीसाहेबांनी खिशात हात घातला, तो जवळजवळ रिकामा. कारण, होते ते पैसे नुकतेच दुसरीकडे देऊन झाले होते. इतक्यात त्यांची दृष्टी आपल्या खोलीच्या सुशोभित भिंतींकडे गेली, आणि मनाला जबर टोचणी लागली की, ज्या पैशाने ह्या लेकराची थंडी निवारली असती, तो आपण भिंती सजविण्यात घातला. आता धनी आपणांस विश्वासू कारभारी कसा म्हणेल?

पुढे त्यांनी आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण म्हणजे ते स्वतःच होत, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यास एका वर्षी ३० पौंड मिळाले. त्याने २८ पौंडांत निर्वाह केला व २ पौंड गरिबांस दिले. दुसऱ्या वर्षी ६० पौंड मिळाले. तरी निर्वाह २८ मध्येच केला व ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ व चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ दिले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मिळकत चौपट झाली, पण २८ ची रेघ जागची हलली नाही. आपल्याकडे ही रेघच नसते, म्हणून वाढलेला पैसा कोठे गेला हे कोणासही सांगता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, बिऱ्हाड नसलेल्या विद्वानास हे सोपे आहे. ज्याच्या घरी पाच तोंडे खाणारी आहेत त्याने काय करावे? वेस्लीसाहेबांनी ह्याचाही विचार केला होता. पैशाच्या उपयोगाविषयी त्यांचे एक प्रसिद्ध प्रवचन आहे. त्याचा सारांश असा की, आपल्या जिवास, देहास व शेजाऱ्यास अपाय न करिता जितके मिळविता येईल तितके मिळवावे. चैनीवर व लोकांच्या वाहवेसाठी काही न घालविता जितके राखता येईल तितके राखावे. आणि मग जितके देता येईल तितके द्यावे. देण्याचा क्रमही त्यांनी लावून दिला. प्रथम स्वतःची अन्नवस्त्राची गरज, बायकोमुलांची व घरातील चाकरांची गरज. मग उरेल ते विश्वासी बंधूंसाठी. आणि त्यातूनही उरेल ते सर्व मनुष्यांसाठी. मुलांना उपाशी ठेवून दानधर्म करा, असे त्यांनी कधीही शिकविले नाही.

ह्या रीतीने चालणारे लोक बहुधा गरीबच होते. १७४२ साली ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. तेव्हा असे ठरले की, प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेन्स असत, ह्यावरून ही रक्कम किती लहान हे ध्यानात येईल. तितकेही ज्यांना देववत नाही त्यांचे काय, असा प्रश्न निघाला. तेव्हा एक गृहस्थ पुढे झाले व म्हणाले की, अशा अकरा जणांना माझ्याकडे लावून द्या. मी त्यांना दर आठवड्यास भेटेन आणि त्यांना जे देता येणार नाही ते मी भरीन. इतरांनीही तसेच केले. ह्या भेटींत एकमेकांच्या वागणुकीची विचारपूस होऊ लागली, आणि ह्या पेनीच्या वर्गणीतूनच मेथडिस्ट मंडळीचे वर्ग निघाले.

कर्जाचा जाच त्यांना घरूनच ठाऊक होता. म्हणून १७४६ साली लंडनात सुमारे ३० पौंड जमवून त्यांनी गरिबांसाठी कर्जफंड काढला. एका वेळी २० शिलिंग, म्हणजे एक पौंड, ह्यापेक्षा अधिक द्यावयाचे नाही, व ते दर आठवड्यास थोडेथोडे करून तीन महिन्यांत फेडून घ्यावयाचे, असा नियम होता. तेवढ्या पुंजीतून दीड वर्षात २५५ माणसांची अडचण भागली. फेडलेला पैसा पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, हे ह्यातील रहस्य होय.

त्याच वर्षी त्यांनी चहा सोडला. लोक चहापायी प्रकृती व पैसा दोन्ही घालवितात असे त्यांना दिसले, आणि दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी आपण करून दाखवावे असे वाटले. वीस वर्षांहून अधिक काळची सवय! पहिले तीन दिवस त्यांचे डोके सारखे दुखत होते. पण ते मागे हटले नाहीत. पुढे काही वर्षांनी वैद्याच्या सल्ल्यावरून ते पुन्हा चहा घेऊ लागले. ह्यावरून दिसते की, चहा हे पाप असे त्यांचे म्हणणे नव्हते. कोणतीही सवय आपली मालकीण होऊ नये, एवढेच त्यांना पाहिजे होते. १७७६ साली सरकारी अधिकाऱ्यांनी चांदीच्या भांड्यांवरील करासंबंधी त्यांना विचारणा केली. त्यांनी उत्तर पाठविले की, लंडनात दोन व ब्रिस्टलात दोन इतके चांदीचे चमचे मजजवळ आहेत. भोवतालच्या पुष्कळ लोकांस भाकर मिळत नाही तोवर मी आणखी घेणार नाही.

तथापि म्हातारपणी एका गोष्टीने त्यांना मोठी चिंता लावली. विश्वास धरल्यावर लोक दारू व जुगार सोडीत, उद्योगी व काटकसरी होत; काटकसरीने पैसा साठे; आणि पैसा साठला की गर्व व संसाराची आसक्ती वाढून तोच विश्वास थंड पडे. १७८६ सालच्या एका लेखात त्यांनी हे स्पष्ट लिहिले. त्यावर उपाय त्यांना एकच दिसला, तो हा की, जो मिळवितो व राखतो त्याने देतही जावे. काटकसर व कृपणता ह्या एकाच आळीत राहतात. त्यांची घरे कोणती हे दान करणाऱ्या हातावरून ओळखावे.

१७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, घोट्याइतक्या वितळत्या बर्फातून पाच दिवस लंडनच्या रस्त्यांनी पायी हिंडून त्यांनी गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड जमविले, आणि त्या श्रमाने ते आजारी पडले. आपला हिशेब ते स्वतः लिहीत. १७९० च्या जुलैत हात चालेना तेव्हाच त्यांनी वही मिटली. आपल्या मागे १० पौंडांहून अधिक शिल्लक सापडली तर लोकांनी आपणांस चोर म्हणावे, असे त्यांनी पूर्वीच छापून ठेविले होते. त्यांच्या पुस्तकांच्या विक्रीतून मोठमोठ्या रकमा आल्या व तशाच गेल्या. २ मार्च १७९१ रोजी, ८७ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. मृत्युपत्राप्रमाणे त्यांच्या शवास गाडी नव्हती. सहा गरीब माणसांनी ते वाहून नेले, आणि त्या प्रत्येकास २० शिलिंग देण्यात आले. शेवटच्या खर्चातूनही सहा घरी चूल पेटली.

प्रिय वाचकहो, आपल्या गावी लग्नसमारंभ येतात, बारशी येतात, आणि लोक काय म्हणतील ह्या एका भयाने आपण दोन दिवसांच्या मांडवासाठी पाच वर्षांचे कर्ज काढतो. वेस्लीसाहेबांचे २८ पौंड आपल्याजवळ नसतील; पण रेघ ओढण्यास पौंड लागत नाहीत. उपदेशक बंधूंनी मंडळीतील प्रत्येक कुटुंबास एक वही ठेवण्यास सांगावे. पीक हाती आले किंवा मजुरी मिळाली की, नवराबायकोने एकत्र बसून घरास काय लागते ते लिहावे, देवाचा व गरिबाचा भाग वेगळा काढावा, आणि नवी वस्तू घेण्यापूर्वी एकमेकांस विचारावे की, ही गरज आहे की शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे? ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शाळेत जाणारे लेकरू लिहील, आणि तेही त्या लेकराचे शिक्षणच होईल. कारभारी एके दिवशी हिशेबास बोलाविला जाणार आहे; वही तयार असली म्हणजे त्या दिवसाचे भय उरत नाही.