विश्लेषण : कापडी बाहुलीवर बाळंतपणाची ‘रंगीत तालीम’ कुणी सुरू केली?

देवरी, सालेकशाच्या जंगलपट्ट्यातली बाई बाळंतपणात अडली, की अनेकदा तिला गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयात हलवावे लागते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना, तर हाती मोजकीच मिनिटे उरतात. तेव्हा शिकायला वेळ नसतो. म्हणून आधीच पुतळ्यावर सराव करायचा, हा विचार अडीचशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समधील एका सुईणीने तो देशभर नेला.

कोण होत्या मादाम द्यु कूद्रे?

आंजेलिक द्यु कूद्रे यांचा जन्म १७१२ च्या सुमाराचा. १७४० मध्ये पॅरिसमध्ये त्यांना सुईणीचा परवाना मिळाला. पुढे शल्यचिकित्सकांनी सुईणींना शिकवणे बंद केले, तेव्हा १७४५ मध्ये इतर सुईणींसोबत त्यांनीही तक्रार अर्जावर सही केली. नंतर त्या ओव्हेर्न्य या मागास प्रांतात गेल्या. तिथे अडाणी हातांनी होणारी बाळंतपणे, दगावणारी बाळे आणि जन्मभर अधू झालेल्या आया त्यांनी पाहिल्या. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हते. त्यांना पुस्तक काय कामाचे?

बाहुलीत काय होते?

कापड, चामडे आणि आत भरण. खऱ्या मापाचा कमरेचा भाग आणि बाळ. बाळ आडवे किंवा पायाळू ठेवता येई. पुढे त्यांनी आत लाल आणि पारदर्शक द्रवाचे स्पंज बसवले. हे फार महत्त्वाचे होते. तोंडपाठ उत्तर देणारी शिष्या रक्त वाहू लागताच गोंधळते, हे अशा तालमीतच दिसते. आणि तिथे चूक झाली, तरी कुणाचा जीव जात नाही.

१७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने त्यांना गावोगाव शिकवण्याचे फर्मान दिले. त्याच वर्षी त्यांचे पुस्तकही निघाले. १७८३ पर्यंत त्या फिरत राहिल्या. हजारो बायका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या.

आज त्याचा उपयोग काय?

त्यांची बाहुली हात घडवत होती. आजची तालीम रुग्णालयालाही तपासते. कर्मचारी नेहमीचेच, खोली नेहमीचीच, रुग्ण तेवढी पुतळ्याची. इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे, पण कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या परिचारिकेकडे. ट्रॉली दारातून वळत नाही. रक्तासाठी फोन कुणी करायचा हे ठरलेलेच नाही. कागदावर सारे ठीक असते, अशा गोष्टी तालमीतच बाहेर येतात. मात्र चूक सापडली की माणसाला झापायचे, असे झाले तर पुढच्या वेळी कुणी खरे वागणार नाही. केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचा (२०१७) भरही प्रसूतिगृहातील सेवेचा दर्जा सुधारण्यावर आहे.

द्यु कूद्रे १७९४ मध्ये बोर्दो येथे वारल्या. त्यांच्या पद्धतीची एक बाहुली रूआँच्या संग्रहालयात आहे. तिचा एक्स-रे काढला, तेव्हा कापडाआड खऱ्या स्त्रीच्या कमरेची हाडे दिसली.