कोऱ्या पानावरची गोष्ट

परीक्षा जवळ आली की माझी झोप उडते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नापास झाले तर शिक्षण बंद, हे ठरलेलेच! अशा दिवसांत ग्रंथालयात मला जे. आर. आर. टॉल्किन भेटले.

त्यांचा जन्म १८९२ सालचा, दक्षिण आफ्रिकेतला. चार वर्षांचे असताना वडील वारले, बाराव्या वर्षी आई. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती पहिल्या खेपेस हुकली. १९१० साली, दुसऱ्या खेपेस मिळाली. १९१६ साली सोमच्या लढाईत ते होते. त्या युद्धात जिवलग मित्र गेले. पुढे ते ऑक्सफर्डलाच प्राध्यापक झाले. चार मुलांचा संसार, म्हणून उन्हाळ्यात शालेय परीक्षेचे पेपर तपासत. एका उत्तरपत्रिकेत एक पान कोरे निघाले. त्यावर त्यांनी सहज बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयी एक वाक्य लिहिले. त्यातूनच १९३७ साली 'द हॉबिट' ही अद्भुत कादंबरी जन्मली. १९७३ साली ते निवर्तले.

शब्दकोश उशाशी घेऊन मी ती रोज रात्री थोडी थोडी वाचली. घर सोडायला भिणारा बुटका बिल्बो ड्रॅगनच्या गुहेपर्यंत जातो. मग मला परीक्षेच्या हॉलपर्यंत जायला काय झाले? तेवढा वेळ धास्ती विसरून झोप लागू लागली.

मित्रमैत्रिणींनो, अभ्यास आटोपल्यावर ही कादंबरी जरूर वाचा. उत्तरपत्रिकेतले पान मात्र कोरे सोडू नका. तपासणारा प्रत्येक जण टॉल्किन नसतो!