पाखरे, म्हशी आणि सलीम अली

डिसेंबरातल्या पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी उभे राहिले की आधी काही दिसतच नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर पाणी कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते, याचा पत्ता लागत नाही. नुसता कलकलाट ऐकू येतो. मग ऊन चढते आणि वारकरी बदकांचे काळे पुंजके, तलवार बदकांच्या टोकदार शेपट्या, कडेच्या चिखलात चक्रवाकाची केशरी जोडी, असे एकेक उमटत जाते. बंधारा इंग्रजांच्या काळातला. त्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात जे नुकसान, ती पाखरांची चैन.

निफाड तालुक्यातल्या एका शाखेत मी ऐंशीच्या दशकात नवखा अधिकारी होतो. पाखरांशी माझा संबंध चिमणी-कावळ्यापुरता. आमच्या हेड कॅशिअरने एके दिवशी सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ माझ्या टेबलावर ठेवले आणि रविवारी सायकलवर घालून मला पाण्यावर नेले. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला आहे. नांदूरला महाराष्ट्राचे भरतपूर हे नाव त्यांनीच दिले, असे इकडे सगळे सांगतात.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या भरल्या घरात ते वाढले. मामा शिकारी, त्यामुळे पोराच्या हातात एअरगन आली. तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्याखाली पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या मुलाचा पुढचा सगळा जन्म त्या खणांतून निघाला. म्हातारपणी, १९८५ साली, आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातही ती चिमणीच आली.

मी जन्मभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. सलीम अलींचे कागद तिशीत माझ्यासमोर आले असते तर मी ते बिनदिक्कत परत पाठवले असते. कॉलेज अर्धवट सोडून घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, तिथे खाण आणि लाकडाच्या व्यापारापेक्षा जंगलातच जास्त रमले. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण योग्य ती पदवी नाही म्हणून मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चररची नोकरी लागली, पगार महिना साडेतीनशे. ती दोन वर्षे करून रजा घेतली आणि बर्लिनला स्ट्रेसेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी जागाच रद्द झालेली!

मग पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला तहमीनाबेगमच्या घरच्या बंगलीत राहायला गेली. जवळच सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाला वेळ भरपूर. पावसाळाभर तासन् तास बसून त्यांनी टिपणे केली. घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन तपासते, पसंत पडले तर तिथे नांदते. ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरे घरटे विणायला घेतात, दुसरीसाठी! आपल्या बहिणाबाईंनी खोप्याचे कौतुक केले ते पिलांच्या आईचे म्हणून. कवितेचे त्याने काही बिघडत नाही, पण ‘सुगरण’ हा शब्द मात्र तेव्हापासून उच्चारताना मला जरा हसू येते.

पुढे संस्थानांना त्यांनी एक सोपा हिशेब मांडला: प्रवासखर्च तुमचा, मेहनत माझी, फुकट. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशी एकामागून एक सर्वेक्षणे झाली. रानावनांतल्या तंबूत तहमीनाबेगम बरोबर असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसचे. मूलबाळ नव्हते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले. ते पुस्तक आले १९४१ साली. डिलन रिप्लेंबरोबरचे हँडबुकचे दहा खंड, पद्मविभूषण, राज्यसभा हे सारे नंतरचे. १९७६ साली मिळालेले पन्नास हजार डॉलरचे गेटी पारितोषिक त्यांनी सोसायटीला देऊन टाकले.

भरतपूरची गोष्ट मात्र मला नीट सांगितली पाहिजे. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो सलीम अलींचा वाढदिवस, हा निव्वळ योगायोग. स्वातंत्र्यानंतर ते तळे आटवून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. १९८१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८२ साली गुरे चारायला बंदी आली. बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच संशोधकांनी कित्येक वर्षे अभ्यास केला, तर आढळले ते उलटेच. म्हशी गेल्या तसे गवत माजले, उघडे पाणी गुदमरले आणि काही पाखरे कमी झाली. सलीम अली १९८७ साली गेले.

हे वाचले तेव्हा मला माझ्या फायली आठवल्या. नांदूरच्या आसपासच्या गावांत म्हशींसाठी कर्जे मीच मंजूर केली होती. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले, तेव्हा एक कर्जदार पासबुक हातात धरून विचारत होता, आता म्हैस पाण्यात सोडायची की नाही? हप्त्याची तारीख सांगण्यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या माणसाला मी इतका मानतो त्याचा अंदाज इथे चुकला, हे कबूल करायला मला बराच काळ लागला. आणि तरी, तो नसता तर वाद घालायला ते तळेच उरले नसते, हेही खोटे नाही.

२०२० साली नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले. गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन गेलो होतो. कडेच्या चिखलातून म्हशी चालल्या होत्या आणि त्यांच्या खुरांमागे उडणारे किडे टिपत धोबी पक्षी शेपट्या हलवत पळत होते. पोराने वहीत लिहिले: चक्रवाक सात, तलवार बदके पुष्कळ. मग दुर्बीण खाली ठेवून थोडा विचार केला आणि खाली आणखी एक ओळ घातली: म्हशी अकरा.