पहिल्याच दिवशी मंत्री, तीन वर्षांत राजीनामा : आयर्लंडचे डॉ. नोएल ब्राऊन

आई-वडील दोघेही क्षयाने गेले, भावंडांतही हा रोग शिरला. त्याच घरातला मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि देशाचा आरोग्यमंत्रीही. आयर्लंडचे डाव्या विचारांचे नेते डॉ. नोएल ब्राऊन यांची ही गोष्ट.

ब्राऊन यांचा जन्म २० डिसेंबर १९१५ चा, वॉटरफर्डचा. वडिलांच्या मृत्यूनंतर आई मुलांना घेऊन लंडनला गेली आणि थोड्याच दिवसांत तीही वारली. हुशार नोएलला इंग्लंडमध्ये शिकायला मिळालं. पुढे डब्लिनच्या एका सधन कुटुंबाने त्यांचा ट्रिनिटी कॉलेजातला वैद्यकीचा खर्च उचलला. शिकत असतानाच त्यांनाही क्षय झाला, पण ते वाचले. पैसा असला तर माणूस वाचतो, नसला तर जातो, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

क्षयरुग्णालयात नोकरी करताना ते शॉन मॅकब्राइड यांच्या नव्या पक्षात, क्लान ना पोब्लाख्तात गेले. १९४८ मध्ये निवडून आले आणि संसदेत पाऊल ठेवलं त्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले. वय फक्त ३२!

कामाचा सपाटा जबरदस्त होता. रुग्णालयांसाठी लॉटरीतून जमलेला निधी नुसता व्याजासाठी ठेवण्यापेक्षा त्यांनी तो मोडून बांधकामाला लावला. क्षयरोग्यांसाठी खाटा वाढल्या, एक्स-रे तपासणी वाढली. आधीच्या सरकारच्या योजना आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी नवी औषधं यांचाही हातभार होताच. क्षयाचे मृत्यू झपाट्याने खाली आले.

खरा सामना झाला तो माता-बालक योजनेवरून. बाळंतपणात आईला आणि १६ वर्षांपर्यंत मुलांना मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही, अशी ही योजना. तोवर गरिबाला सरकारी डॉक्टरकडे जायचं तर आधी गरिबीची चिठ्ठी मिळवावी लागे. ब्राऊन यांना नेमकं तेच नको होतं.

डॉक्टरांची संघटना बिथरली, कारण खासगी कमाई बुडणार होती. कॅथलिक बिशपही विरोधात गेले. कुटुंबाच्या हक्कात सरकार शिरतंय, असं त्यांचं म्हणणं. उत्पन्नाची अट घाला, मग बघू, असा मार्ग पुढे आला. ब्राऊन हलले नाहीत. पंतप्रधान कॉस्टेलो आणि मंत्रिमंडळाने साथ सोडली, मॅकब्राइड यांनी राजीनामा मागितला. एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊन यांनी तो दिला, पण जाताना सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्राच्या हवाली केला. बंद दाराआडचा दबाव लोकांनी छापील वाचला. महिन्या-दीड महिन्यात निवडणूक झाली, सरकार गेलं. ब्राऊन मात्र अपक्ष म्हणून निवडून आले.

१९५३ च्या कायद्यात मातांना मोफत सेवा मिळाली, पण उत्पन्नाची अट राहिलीच.

पुढे ब्राऊन पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत. पाच पक्ष झाले, कुठेच फार काळ पटलं नाही. जुळवून घेणं जमत नाही, ही तक्रार सहकाऱ्यांचीही होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरी १९८२ पर्यंत ते राजकारणात टिकून होते. १९८६ मध्ये आलेलं त्यांचं आत्मचरित्र आयर्लंडमध्ये भरपूर खपलं.

२१ मे १९९७ रोजी ते गेले. मंत्रिपद जेमतेम तीन वर्षांचं. पण उपचार मागताना माणसाला आधी आपली गरिबी सिद्ध करायला लावायची का, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही.