तोच धोका गरिबाला वेगळा आणि श्रीमंताला वेगळा, हे गणिताने दाखवणारा डॅनियल बर्नुली

विमान हवेत कसं टिकतं हे सांगताना विज्ञानाच्या पुस्तकात एक नाव हमखास येतं. बर्नुली. पण याच माणसाने एक वेगळाच प्रश्नही हातात घेतला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं. समोर धोका दिसत असताना शहाण्या माणसाने निर्णय कसा घ्यावा, हा तो प्रश्न.

डॅनियल बर्नुलीचा जन्म १७०० साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. घराणं स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातलं, आणि सगळं गणितवेडं. वडील योहान बर्नुली तर युरोपभर गाजलेले गणितज्ञ. पण गणितात पैसा नाही म्हणून त्यांनी पोराला आधी व्यापारात घालायचं ठरवलं. ते जमेना, तेव्हा डॉक्टरकी शिकायला लावलं. डॅनियलने वैद्यकाची पदवी घेतली, पण गणित काही सोडलं नाही.

१७२५ मध्ये तो थोरला भाऊ निकोलाउसबरोबर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या नव्या विज्ञान अकादमीत नोकरीला गेला. पुढच्याच वर्षी भाऊ वारला. परक्या मुलुखात डॅनियल एकटा पडला, पण काम चालू राहिलं. त्या कामात एक कोडं होतं. त्याच्या चुलत भावाने १७१३ मध्ये मांडलेलं.

कोडं असं. नाणं उडवत राहायचं. पहिल्याच फेकीत छापा पडला तर १ सोन्याचं नाणं मिळणार, दुसऱ्या फेकीत पडला तर २, तिसऱ्या फेकीत ४, मग ८. छापा पडला की खेळ संपला. हा खेळ खेळायला किती फी द्यावी?

जुन्या गणिताप्रमाणे प्रत्येक बक्षिसाला ते मिळण्याच्या शक्यतेने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. इथे प्रत्येक फेकीचे अर्धं नाणं येतं, आणि फेकी संपतच नाहीत. म्हणजे बेरीज अनंत! या हिशोबाने घरदार विकूनही हा खेळ खेळायला हवा. पण प्रत्यक्षात कुणी २० नाणीसुद्धा देणार नाही. मग चूक कोणाची, माणसांची की गणिताची?

डॅनियलने माणसांची बाजू घेतली. १७३८ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने दाखवलं की पैसा किती मिळतो याबरोबर तो कोणाच्या खिशात पडतो हेही मोजावं लागतं. हजार नाणी भिकाऱ्याचं आयुष्य पालटतात, सावकाराला त्यांचं काही वाटत नाही. जवळ जितकं जास्त, तितकी पुढच्या नाण्याची गोडी कमी. हे गणितात धरलं की त्या खेळाची अनंत किंमत एकदम चारचौघांना पटेल एवढी होते. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रामरला असाच विचार आधी सुचला होता, हेही त्याने निबंधात प्रामाणिकपणे नोंदवलं.

याच निबंधात विम्याचं एक उदाहरण आहे. एका व्यापाऱ्याचा १०,००० रूबलचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजाने येणार आहे. १०० पैकी ५ जहाजं बुडतात, म्हणजे सरासरी नुकसान ५०० रूबल. विमा मात्र ८०० रूबलला. घ्यावा का? डॅनियलचं उत्तर असं, की व्यापाऱ्याची बाकी मालमत्ता ५,०४३ रूबलपेक्षा कमी असेल तर घ्यावा, जास्त असेल तर नाही. आणि विमा देणाऱ्याकडे निदान १४,२४३ रूबल असतील तरच त्याने हा धोका पत्करावा. समुद्र तोच, जहाज तेच, पण दोघांचे निर्णय वेगळे आणि दोघेही बरोबर.

तोवर डॅनियल बाझलला परतला होता. १७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बाप-लेकात विभागून मिळालं. मुलगा आपल्या बरोबरीला आला हे योहान यांना सहन झालं नाही. त्यांनी त्याला घराबाहेर काढलं.

१७६० मध्ये डॅनियलने आणखी मोठा प्रश्न घेतला. देवीचा. तेव्हा जेनरची लस यायला अजून ३६ वर्षं होती. देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचायचा, एवढाच उपाय होता. त्यातही सुमारे २०० मध्ये एक जण दगावतो असं डॅनियलने धरलं. म्हणजे धडधाकट पोराला आईबापांनी स्वतःहून धोक्यात घालायचं. डॅनियलने मृत्यूचे तक्ते घेऊन हिशोब केला. देवी नाहीशी झाली तर सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जाईल. टोचण्यातले मृत्यू धरले तरी या फायद्यातून जेमतेम दोन महिने कमी होतात. तेव्हा टोचून घेणंच शहाणपणाचं.

फ्रेंच गणितज्ञ दालाँबेर टोचण्याच्या विरोधात नव्हता, पण हा हिशोब त्याला पटला नाही. फायदा मिळणार म्हातारपणी, आणि मरण आलं तर ते याच महिन्यात. तिशीतला माणूस या दोन गोष्टी एकाच तराजूत कशा तोलेल? खरं तर माणसागणिक किंमत बदलते हे डॅनियलनेच शिकवलं होतं. देवीच्या बाबतीत मात्र त्याने सगळ्यांची एकच सरासरी काढली. राज्यासाठी तो हिशोब बरोबर होता, पण एका आईला निर्णय घ्यायला तेवढा पुरेसा नव्हता.

१७७४ मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवीनेच गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच नव्या राजाने, सोळाव्या लुईने, स्वतःला टोचून घेतलं. तक्ते चौदा वर्षं समोर होतेच. राजवाड्यात भरवसा बसायला घरातला एक मृत्यू लागला.

डॅनियल १७८२ मध्ये बाझलमध्ये वारला. पुढे निर्णयांचं अर्थशास्त्र त्याच्याच कल्पनेवर उभं राहिलं. १९७९ मध्ये कानेमान आणि ट्वेर्स्की यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. माणूस एकूण संपत्तीपेक्षा आत्ता काय मिळालं आणि काय गेलं याकडे बघतो, आणि गेलेलं जास्त बोचतं. पण विम्याचा कागद किंवा बाळाच्या लसीची तारीख समोर आली की डॅनियलचा प्रश्न आजही पहिला असतो: धोका किती, आणि तो कोणाच्या घरात?