भूमिहीनांचे दादा : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी कितीतरी घरांत धोतर नेसलेल्या एका माणसाचा फोटो असतो. आमच्या पोरांना विचारलं, हे कोण? तर काहींना सांगता आलं नाही. म्हणून हे चार शब्द.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबेदिंडोरी या खेड्यात झाला. ते वकील नव्हते, बॅरिस्टर तर नव्हतेच. पण २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याची जबाबदारी या तरुणावर टाकली. रामनवमीला रथावरून दगडफेक झाली, लोकांची डोकी फुटली. बाबासाहेब पुढे गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, पण इकडे दादासाहेबांनी हा लढा १९३५ पर्यंत तगवून धरला. पाच वर्षं माणसं गोळा करायची, त्यांच्या भाकरीची सोय बघायची, तुरुंगात गेलेल्यांची घरं सांभाळायची, हे काही सोपं काम नव्हे! बाबासाहेबांनी त्यांना वेळोवेळी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. ती वाचली की केवढा विश्वास होता ते कळतं. शांताबाई दाणी चळवळीत आल्या त्या दादासाहेबांच्याच प्रेरणेने.

१९३७ साली ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेब जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण थोड्याच काळात पक्षात फूट पडली. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला, मग दादासाहेबांचा गट आपसूकच नादुरुस्त ठरला! वाद होता तो मार्गाचा. कायदा आणि घटना धरून चालायचं की शेतमजुराला घेऊन रस्त्यावर उतरायचं?

दादासाहेब रस्त्यावर उतरले. गावकुसाबाहेरच्या माणसाला जोवर स्वतःची जमीन नाही तोवर तो पाटलाच्या दारी उभाच राहणार, हे त्यांनी खेड्यात पाहिलं होतं. १९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला. बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. लाखोंनी अटक करून घेतली, सरकारला तुरुंग पुरेनात. मागणी नुसती जमिनीची नव्हती. संसदेत बाबासाहेबांचं चित्र लावा, बौद्धांनाही सवलती द्या, हेही त्यात होतं. या दोन्ही गोष्टी केंद्राने केल्या त्या थेट १९९० साली.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. तो अनेकांना पटला नाही, आमच्यातल्या जुन्या मंडळींना तर मुळीच नाही. त्याने पक्ष आणखी फाटला, हे लपवून काय उपयोग? पण लोकांनी दिलेली कर्मवीर ही पदवी मात्र कोणी काढून घेतली नाही.

१९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

२००४ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने योजना काढली : भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. गावाकडे ज्यांचे भाऊबंद अजून मजुरीला जातात, त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन एकदा चौकशी करावी.