पाणी, वैरण आणि वाटा ओळखणारा पेशवा

थोरल्या बाजीराव पेशव्यांचे नाव निघाले, की बोलणे हमखास मस्तानीकडे वळते; नाहीतर घोड्यावर बसूनच कणसे चोळून खाणाऱ्या पेशव्याच्या आख्यायिकेकडे. या आख्यायिकेत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. पण ती कणसे वाटेवरच्या शेतातली होती, ही गोष्ट मात्र नेमकी आहे. ज्या फौजेला आपला शिधा आणि घोड्यांची वैरण वाटेतच मिळते, तिला सामानाच्या गाड्या ओढाव्या लागत नाहीत. बाजीरावांच्या बहुतेक विजयांचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. वडील बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर ते १७१९ मध्ये दिल्लीला जाऊन आले होते. मोगल बादशाहीचा डोलारा आतून किती पोखरला आहे, हे त्यांनी तेव्हा पाहिले आणि दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटाही पाहिल्या. १७२० च्या एप्रिलमध्ये वडिलांच्या निधनानंतर छत्रपती शाहूंनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली, तेव्हा ते विशीतही नव्हते. दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांना ही निवड रुचली नाही. श्रीपतराव प्रतिनिधींचा विरोध तर पुढे अनेक वर्षे टिकला.

खरी कसोटी लागली १७२७ मध्ये. निजाम-उल-मुल्क याने शाहूंना द्यावयाची चौथाई अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून छत्रपतिपदाचाच वाद उकरून काढला. निजाम हा औरंगजेबाच्या तालमीत तयार झालेला सेनानी होता आणि त्याचा तोफखाना दख्खनेत जबरदस्त मानला जाई. समोरासमोरच्या लढाईत त्या तोफांपुढे मराठ्यांचे हलके घोडदळ टिकणे अवघड होते. मग ती लढाई द्यायचीच नाही, असे २७ वर्षांच्या पेशव्याने ठरवले.

पावसाळा सरताच बाजीराव निघाले. ही वेळही विचारपूर्वक निवडलेली असे. नद्या उतरलेल्या असतात, शेते उभी असतात, रस्त्यातला चिखल वाळलेला असतो. जालन्याच्या मुलखात निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी झटापट झाली. पण बाजीराव तेथे थांबले नाहीत. ते वऱ्हाडात घुसले, तेथून खानदेशात वळले आणि आता बुऱ्हाणपूर जाळणार, अशी हूल त्यांनी उठवून दिली. निजाम त्या शहराच्या बचावासाठी धावला, तोवर पेशवे तापी ओलांडून गुजरातेत पोहोचले होते. तेथला मोगल सुभेदार सरबुलंदखान आणि निजाम यांचे आपसात पटत नव्हते, हेही बाजीरावांच्या हिशेबात होते.

पाठलागाने जेरीस आलेल्या निजामाने मग थेट पुण्याकडे मोर्चा वळवला. मोहिमेतला सर्वांत कठीण क्षण हाच. पुणे निजामाच्या हाती गेले, तेथे संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवण्यात आले, शाहूंना पुरंदरचा आश्रय घ्यावा लागला. कोणताही सामान्य सेनापती अशा वेळी घराकडे धावला असता आणि निजामाला तेच हवे होते. बाजीराव परतले खरे, पण पुण्याकडे नव्हे. ते औरंगाबादच्या रोखाने निघाले. राजधानी धोक्यात येताच निजामाला पुणे सोडणे भाग पडले. घाईपोटी त्याने जड तोफा मागे ठेवल्या. ज्या बळावर त्याची सारी भिस्त होती, ते त्याने स्वतःच्या हाताने मागे टाकले.

फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस आजच्या वैजापूर तालुक्यातील पालखेडजवळ तो अडकला. हा कोरडा, टंचाईचा मुलूख. मराठ्यांच्या टोळ्यांनी चारी बाजूंनी वाटा रोखल्या, दाणावैरण तोडली, पाण्यापर्यंत पोहोचू दिले नाही. मोठी लढाई झालीच नाही. माणसे आणि जनावरे तहानेने कासावीस झाल्यावर निजामाने ऐवजखानामार्फत बोलणी लावली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाने संभाजीराजांचा पक्ष सोडला आणि शाहूंचे चौथ-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी युद्धशास्त्राच्या इतिहासावरील १९६८ च्या ग्रंथात या मोहिमेचा गौरवाने उल्लेख केला आहे. मराठी वाचकाला तो सुखावतो, हे खरे. पण हुरळून जाताना एक गोष्ट विसरू नये. जी फौज मुलखावर जगते, तिचे पोट मुलखातला शेतकरी भरत असतो. जालन्यापासून वऱ्हाडापर्यंतच्या रयतेने या वेगाची किंमत उभ्या पिकांनी मोजली.

या युद्धपद्धतीलाही मर्यादा होत्या. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीवर पेशवे चालून गेले. रायगड परत मिळाला, पण समुद्राने वेढलेला जंजिरा हाती आला नाही. घोड्याच्या टापांना तेथे काही अर्थच नव्हता. वसईसारखे किल्ले घ्यायला वेगळी चिकाटी लागते. ती बंधू चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये दाखवली.

दिल्लीच्या स्वारीत मात्र बाजीरावांची भूमीची जाण पुन्हा पणाला लागली. मार्च १७३७ मध्ये अंतर्वेदीत उतरलेल्या मल्हारराव होळकरांच्या तुकडीला सादतखानाने मागे रेटले आणि मराठ्यांना चंबळेपार हाकलल्याची बढाई दिल्लीला कळवली. बाजीरावांनी जड सामान आधीच बुंदेलखंडात ठेवले होते. मोगल फौजा टाळून, मेवाताच्या डोंगराळ बाजूने लांब मजला मारीत ते थेट राजधानीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले. शहर लुटायचे नाही, हा निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रातून ही सारी हकिकत कळते. पाठीवर मोठी फौज येण्यापूर्वी ते निघूनही गेले. किती वेळ थांबायचे, याचे गणित त्यांना पक्के ठाऊक होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळजवळ निजाम पुन्हा कोंडला गेला. त्याने या वेळी तोफा सोडल्या नाहीत. त्यांच्या माऱ्यामुळे छावणीवर चालून जाणे मराठ्यांना जमले नाही. पण रसद तुटल्यावर तोफा खायला घालत नाहीत. जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराईच्या तहाने नर्मदा ते चंबळ हा मुलूख सोडण्याचे निजामाने कबूल केले.

१७४० च्या आरंभी निजामाचा मुलगा नासिरजंग याला नमवून बाजीराव नर्मदेकाठी गेले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे, छावणीतच, तापाच्या दुखण्याने त्यांचे निधन झाले. वय चाळिशीच्या आतच होते. पत्नी काशीबाई त्या वेळी जवळ होत्या. त्यांची समाधी आजही तेथे नर्मदेच्या काठावर आहे.